ठरावाचं पाणी

आमच्या वस्तीत शिरताना डाव्या हाताला बोअरिंग लागतं. हातपंप, त्याच्या मागं सिमेंटचा चौथरा आणि चौथऱ्यावर काळ्या दगडाची पाटी. पाटीवर एका लोकप्रतिनिधीचं नाव. ते नाव इथं लिहीत नाही. कुठल्या सभागृहातला, कुठल्या पक्षाचा, तेही नाही. हा लेख त्याच्यावर नाही आणि माणूस तसा वाईट नाही. मयताला येतो, लग्नात पाकीट देतो, कुणाचं पोर दवाखान्यात अडकलं तर रात्री फोन उचलतो. एवढंच की पंप एप्रिलात नुसती हवा ओढतो आणि पाटी बारा महिने चकचकीत असते.

मार्चात जयंतीची मीटिंग होती, विहारात. मंडळाचे अध्यक्ष नात्यानं माझे काका. काका म्हणाले, साहेबांकडे अर्ज घेऊन जायचं. काय मागायचं? कमान. वस्तीच्या तोंडाशी बाबासाहेबांच्या नावाची कमान. एक जण म्हणाला, कमान नको, पेव्हर ब्लॉक मागा. तिसरा म्हणाला, दोन्ही मागा, एक तर देईल. मी म्हटलं, पाणी मागा. तर सगळे हसले. "पाणी दिलंय ना त्यांनी. पाटी वाच की. तू तर कवी."

मग मागं बसलेला एक पोरगा बोलला आणि सगळे गप झाले. "आपला आमदार असता तर मागायलाच लागलं नसतं. पण इथं आपला होणारच नाय."

त्याचं म्हणणं खोटं नाही. पालघर जिल्ह्यात विधानसभेच्या ६ जागा. त्यातल्या डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर या ४ अनुसूचित जमातींसाठी राखीव. नालासोपारा आणि वसई खुल्या. पालघरची लोकसभाही जमातींसाठी राखीव. म्हणजे माहीमच्या पंचक्रोशीतल्या बौद्धाला स्वतःच्या मतदारसंघातून आमदारकीचा फॉर्म भरता येत नाही. त्या पोराला मी काही उत्तर दिलं नाही. रात्रपाळी होती. तारापूर एमआयडीसीत एका कापड कारखान्यात मी लूमवर आहे. १२ तासांची पाळी. रात्रभर धागा तुटला की जोडत होतो आणि डोक्यात त्याचं वाक्य फिरत होतं. आपला म्हंजे कोण?

ह्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी इतिहासात गेलो. इतिहास म्हणजे काय, तर शासनानं काढलेले बाबासाहेबांचे खंड. वसंत मून यांनी संपादित केलेले. त्यातला दुसरा खंड १९८२ चा, त्यात मुंबईच्या कायदेमंडळातली बाबासाहेबांची भाषणं आहेत. इंग्रजीत. आणि दहावीला मला इंग्रजीनंच पाडलेलं. डिक्शनरी मांडीवर घेऊन, एका रात्रीत दोन पानं, असं वाचलं. चुकलो असेन तर शिकलेल्या मित्रांनी कान धरावा.

आधी माहीमबद्दल दोन शब्द. मुंबईत माहीम म्हटलं की लोक विचारतात, दर्ग्याजवळ का? आम्ही म्हणतो, नाय बाबा, केळवे-माहीम. पानवेलीच्या बागांचं, भंडाऱ्यांचं, वाडवळांचं, मांगेल्यांचं. जुन्या सरकारी कागदांत आजचा पालघर तालुका सापडत नाही. ठाणे जिल्ह्यातला माहीम तालुका सापडतो. रेल्वे पालघरवरून गेली, कचेऱ्या हळूहळू तिकडं सरकल्या, तालुक्याचं नावही गेलं. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. गावाचे राजे, बखरी, किल्ले, पोर्तुगीज, चिमाजी अप्पा, हे सगळं तुम्हाला शाळेतल्या गुरुजींनी सांगितलंय. त्या बखरींत आमच्या वस्तीचं पाणी कुठून यायचं ते लिहिलेलं नाही. ते सांगायला माझा आजा आहे. त्याच्याकडे नंतर येतो.

४ ऑगस्ट १९२३. मुंबईच्या कायदे कौन्सिलात एक ठराव पास झाला. सरकारी पैशानं बांधलेल्या किंवा चालवलेल्या, किंवा कायद्यानं नेमलेल्या संस्थांच्या ताब्यातल्या सगळ्या पाणवठ्यांवर, विहिरींवर, धर्मशाळांत अस्पृश्यांना जाऊ द्यावं. तसंच सरकारी शाळा, कोर्ट, कचेऱ्या आणि दवाखान्यांतही. ठराव मांडणारा माणूस अस्पृश्य नव्हता. सीताराम केशव बोले. रावबहादूर ही पदवी मिळालेले. जातीनं भंडारी.

आमच्या खात्यात एक भंडारी दोस्त आहे, माहीमचाच. कँटीनमध्ये त्याला विचारलं, बोले कोण माहितीय? म्हणाला, दादरला रस्ता आहे तो? तोच. दादरला पोर्तुगीज चर्चच्या बाजूनं जाताना त्या रस्त्यावरून आपल्यातले किती जण ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे गेले असतील! पाटी वाचली असेल, माणूस वाचला नाही.

ह्या बोल्यांचा आपल्याशी संबंध फार जुना. भीमराव आंबेडकर नावाचा पोरगा मॅट्रिक झाला तेव्हा मुंबईत त्याच्या सत्काराची सभा झाली. अध्यक्ष हेच बोले. त्याच सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्या पोराच्या हातात दिलं. केळुसकरांचं नाव आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक, बोल्यांचं कमी. मुंबईच्या गिरणी कामगारांत ज्यांनी पहिल्यांदा काम उभं केलं त्यांत बोले होते. कामगार हितवर्धक सभा १९०९-१० च्या सुमाराची, तिच्यात ते पुढं होते. तेव्हा गिरणीत दिवे आल्यापासून कामाला तासांचा धरबंध राहिला नव्हता. १९११ चा कायदा झाला आणि कापडगिरणीत बाप्यामाणसाला १२ तासांची मर्यादा आली. १९४८ च्या कारखाने कायद्यानं ती ९ वर आणली. मी आज १२ तास उभा असतो, हे सहज लिहून ठेवतो.

तर बोल्यांना मतं कोणाची? त्या काळी मत सगळ्यांना नव्हतंच. जमिनीचा सारा भरणारा, ठराविक घरभाडं असलेला, इन्कम टॅक्सवाला, अशांना मत. वस्तीतल्या माणसाकडं यातलं काय होतं? म्हणजे ज्यांच्या पाण्यासाठी बोले उभे राहिले त्यांच्याकडून त्यांना मत मिळण्याची शक्यता जवळपास शून्य. उलट स्वतःच्या मतदारातले सनातनी चिडणार हे नक्की. कौन्सिलात तेव्हा अस्पृश्यांमधून ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप सरकारनं नेमलेले होते, 'मूकनायक'चं संपादन केलेले. बाबासाहेब अजून यायचे होते. आणि तरी हा ठराव आला.

मला हे वाचून त्या पोराचं वाक्य आठवलं. बोले आपले होते की नव्हते?

पण थांबा. बोल्यांची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. ठराव पास झाला, पुढं काय? सप्टेंबर १९२३ मध्ये सरकारनं सगळ्या खात्यांच्या प्रमुखांना कळवलं की अंमल करा. जिथं सरकारचा थेट हात होता तिथं हुकूम. म्युनिसिपालिट्या आणि लोकल बोर्डांना मात्र सांगणं, विनंतीच्या सुरात. आणि विहिरी कोणाच्या होत्या? लोकल बोर्डाच्याच तर. बोर्डात बसलेले कोण? गावचे तेच. कागद कपाटात गेला. महाड म्युनिसिपालिटीनं १९२४ च्या जानेवारीत आपलं तळं उघडं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं उघडं झालं, काठावर काही बदललं नाही. तीन वर्षं एकही अस्पृश्य त्या पाण्याला शिवला नाही.

बोल्यांनी हे पाहिलं. ५ ऑगस्ट १९२६ ला त्यांनी दुसरा ठराव आणला, की ज्या म्युनिसिपालिट्या आणि बोर्डं पहिला ठराव पाळत नाहीत त्यांची सरकारी ग्रँट बंद करा. मला ह्या माणसाचं मोठेपण पहिल्या ठरावापेक्षा दुसऱ्यात दिसतं. पहिला ठराव भाषण करून, टाळ्या घेऊन विसरता येतो. तीन वर्षांनी परत तेच बाड उघडून विचारणं, की आम्ही सांगितलं त्याचं काय झालं, हे फार थोडे करतात. आमच्या बोअरिंगचं उद्घाटन झालं तेव्हा नारळ फोडायला पन्नास माणसं होती. एप्रिलात पाणी येतं का बघायला त्यातलं कोणी फिरकलं नाही. आम्हीपण बोलवायला गेलो नाही. तेही लिहायला पाहिजे.

मग २० मार्च १९२७. महाडची परिषद संपत आलेली. अनंतराव चित्र्यांनी उठून आठवण दिली की ठराव आहे, तळं आहे, माणसं जमलीत. आणि ती माणसं निघाली. बाबासाहेब पुढं. ओंजळ पाण्याला लागली. ४ ऑगस्ट १९२३ ते २० मार्च १९२७, तीन वर्षं साडेसात महिने. कागद मुंबईहून महाडला पोचायला इतका वेळ लागला आणि पोचला तो पोस्टानं नाही, पायी पोचला. पुढचं तुम्हाला पाठ आहे. दगड-काठ्या, तळ्याची शुद्धी. म्युनिसिपालिटीनं त्याच वर्षी ऑगस्टात आपला ठराव मागं घेतला. तळं खाजगी आहे म्हणून सवर्ण कोर्टात गेले, १४ डिसेंबरला मनाई हुकूम आणला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. पण कोर्टातला दावा चालूच राहिला, हायकोर्टाचा निकाल आला १७ मार्च १९३७ ला. आपल्या बाजूनं. दहा वर्षांनी. क्रांतीची तारीख आपण साजरी करतो, ही दहा वर्षांची तारखांवर तारीख कोणी साजरी करत नाही. मला वाटतं तीही क्रांतीच होती, फक्त कंटाळवाणी.

महाडच्या वेळी बाबासाहेब स्वतः कौन्सिलात होते. १९२६ च्या अखेरीस त्यांची नेमणूक झाली आणि १८ फेब्रुवारी १९२७ ला त्यांनी शपथ घेतली. नेमलेले सभासद. निवडून आलेले नव्हेत, त्यामुळं मतदारसंघ नाही. पण परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी होती आणि तिथं माणसं यायची. गावोगावची. कोणाला नोकरीतून काढलेलं, कोणाच्या पोराला शाळेत वेगळं बसवलेलं. साऱ्या मुलखाचे अर्ज एका टेबलावर. अर्ज घेऊन ते काय करत असतील? मी खंडात त्याचं उत्तर शोधलं. एकेका अर्जावर चिठ्ठी देऊन ते थांबले नाहीत. शंभर अर्जांत एकच रडणं सापडलं की त्यावर बिल आणत होते.

महार वतनाचंच घ्या. वतन म्हणजे काय हे आपल्या नव्या पोरांना सांगायला लागतं. सरकारचं काम चोवीस तास, पगार नाही, नावाला जमिनीचा तुकडा आणि गावकऱ्यांनी द्यायचं बलुतं, ते दिलं तर दिलं. एकाच्या नावावर वतन असलं तरी तो आजारी पडला की घरातला बाप, पोर, बाई कोणीही हजर पाहिजे. पाटलाचा सांगावा आला की जेवणावरून उठायचं. १९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी हे बदलायचं बिल मांडलं. त्यासाठी सभा घेतल्या, लोकांना समजावलं, कारण आपल्यातलेही काही वतन सोडायला तयार नव्हते. वतन म्हणजे मान, असं वाटायचं. कमिटीत बिलाची मोडतोड झाली आणि १९२९ च्या जुलैत त्यांनी ते परत घेतलं. हरले, असं म्हणा. १९३७ ला परत मांडलं. शेवटी अशी सगळी हलकी गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. बिलाला तीस वर्षं झाली होती आणि बाबासाहेब जाऊन दोन.

त्याच १९२८ सालात मुंबईत गिरण्यांचा मोठा संप होता. माझ्या धंद्याचा विषय म्हणून इथं थोडा थांबतो. तेव्हा साचेखात्यात, म्हणजे विणकामात, अस्पृश्याला घेत नसत. कारण काय, तर धोट्यात कांडी भरली की धाग्याचं टोक तोंडानं ओढून काढायला लागायचं, आणि आपला तोंड लागलेला धोटा दुसरा कसा तोंडाला लावणार! विणकाम जास्त पगाराचं. आपली माणसं कमी पगाराच्या खात्यात. लाल झेंडा खांद्यावर, पण धोटा तोंडाला लावताना जात. बाबासाहेबांनी संपवाल्या पुढाऱ्यांना सांगितलं, ही मागणी तुमच्या यादीत घाला. त्यांनी नाखुशीनं घातली. मी आज लूमवर उभा आहे. माझ्या लूमला धोटाच नाही, हवेच्या झोतानं धागा जातो, तोंड लावायचा प्रश्न नाही. पण मी विणकर आहे हे ज्या रात्री वाचलं त्या रात्री पाळीवर जाताना मला वेगळं वाटलं. त्याच वर्षी जुलैत बाळंतिणीला पगारी रजेच्या बिलावर बाबासाहेब बोलले. बिल आसवले यांचं. कायदा १९२९ ला झाला. पुन्हा बघा, बिल कोणाचं, पाठबळ कोणाचं.

१९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. फेब्रुवारी १९३७ ला निवडणूक. १७ जागा लढवल्या, बहुतेक जिंकल्या. मुंबईत बाबासाहेबांच्या विरुद्ध काँग्रेसनं उभं केलेलं पी. बाळू, क्रिकेटवाले. तेही आपल्यातलेच, चांभार समाजातले, मोठे खेळाडू. बाळू हरले. 'आपला' हा शब्द किती निसरडा आहे ते इथं कळतं.

१७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती मोडायचं बिल मांडलं. खोतीत कोकणातला कुणबी, आगरी, महार सगळेच पिचलेले. जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर आला. हे बिलही पास झालं नाही. खोती रद्द व्हायला १९४९ चा कायदा यावा लागला. आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला संप करणंच गुन्हा ठरवू पाहणाऱ्या बिलाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र. सभागृहात जो माणूस बिलाची कलमं फोडत होता तोच बाहेर कामगारांपुढं उभा होता.

त्या संपात एक नाव आहे, शामराव परुळेकर. मजूर पक्षाचे आमदार, रत्नागिरी जिल्ह्यातून निवडून आलेले. नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले. ते आणि त्यांची बायको गोदावरीबाई १९४५ ला आपल्या ह्या मुलखात आले. डहाणू, उंबरगाव, तलासरी. वारल्यांमध्ये. वारल्यांची वेठ म्हणजे आपल्या वतनाची सख्खी बहीण. लग्नाला दोनशे रुपये कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघं सावकाराची गडी, पिढ्यानपिढ्या. लगीनगडी म्हणत. सिमिंग्टन नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्यानं आदिवासींच्या हालाचा सरकारी रिपोर्ट १९३९ लाच दिलेला. तोही कपाटात. जानेवारी १९४५ ला टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथं थोडे वारली गेले. मे महिन्यात उंबरगाव तालुक्यात झरीला हजारो वारली जमले आणि ठरलं, वेठ करायची नाही. मळे-गवताच्या मजुरीसाठी संप झाला. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या. जेठ्या गांगड आणि आणखी माणसं मेली. गोदावरीबाईंनी यावर 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक लिहिलं, १९७० ला. आपल्या वाचनालयात आहे, पण न्यायला कोणी येत नाही. १९५७ ला परुळेकर ठाण्यातून लोकसभेत गेले. १९६५ ला स्थानबद्ध असतानाच वारले. वारल्यांना ते आपले वाटले, आणि ते वारली नव्हते.

एक गंमत सांगतो, विषयाला सोडून नाही. आपल्याच जिल्ह्यात सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना स्तूप सापडला, आणि अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडाही. तो तुकडा आठव्या लेखाचा. त्या लेखात काय आहे? आधीचे राजे शिकारीला, मौजेला दौरे काढत. अशोकानं ते सोडलं, राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर तो संबोधीला गेला आणि त्यानंतर त्याचे दौरे म्हणजे धम्मयात्रा. म्हाताऱ्यांना भेटायचं, मुलखातल्या साध्या माणसांना भेटायचं, त्यांच्याशी बोलायचं, विचारायचं. पालघरहून लोकल धरली की तासाभरात नालासोपारा. आपली पोरं तिथं स्तूपाशी वंदना घेऊन फोटो काढतात. लेख कोणी वाचत नाही. दौरा कसा करावा हे आमच्या जिल्ह्यातल्या दगडावर बावीसशे वर्षांपूर्वी लिहिलेलं होतं, आणि आमच्याकडे दौरा म्हणजे दहा गाड्या.

आता आजा.

आजा ऐंशीच्या पुढं आहे. त्याला विचारलं, आबा, तुमच्या लहानपणी पाणी कुठनं? म्हणाला, "बोर्डाची विहीर होती गावात. पक्की, चिऱ्यांची. आपण खाली उभं राहायचं, वरनं कोणी ओतलं तर घ्यायचं. नायतर खाजणाच्या कडेला डबकं." मी विचारलं, तुमच्या बापाला माहीत होतं का, की सरकारनं विहीर उघडी केलीय? म्हणाला, "माहीत होतं. मुंबईला गिरणीत आपली माणसं होती, त्यांनी सांगितलेलं. पण एकटा कोण जाणार पोरा?" मग कधी गेलात? "दीक्षेच्या पुढल्या उन्हाळ्यात. अकरा जण गेलो. मी पंधरा वर्षाचा. बापानं कळशी सोडली, हात कापत होता त्याचा. कोणी काय बोललं नाय. दुसऱ्या दिवशी विहिरीत मेलेलं कुत्रं होतं. आपणच काढलं, आपणच गाळ उपसला, आणि परत भरलं."

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आज तिथली पोरं माझ्याबरोबर कामाला येतात. पण हिशेब करा. ठराव १९२३ चा. आमच्या कळशीत तो पडला १९५७ ला. चौतीस वर्षं. बोल्यांनी केलं ते खोटं नव्हतं, ठराव नसता तर अकरा जणांना विहिरीवरून हाकलणं फार सोपं गेलं असतं. पण ते अकरा जण नसते तर आजही ठराव कपाटातच असता.

इथवर लेख संपवला असता तर काका खूश झाले असते. पण आजा पुढं बोलला. "आपण वर गेलो ना विहिरीवर, तेव्हा खाली कोण उभं होतं माहितीय? कातकरी. त्यांना आपण ओततो का, बघ."

मला राग आला आजाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी सुटल्यावर बोअरिंगवर जाऊन उभा राहिलो. आमच्या वस्तीच्या मागं बांध ओलांडला की कातकऱ्यांचा पाडा आहे, थोडीच घरं. त्यांच्या बाया हंडे घेऊन चौथऱ्याच्या खाली बसलेल्या. आमच्या बाया भरत होत्या. आमचे सगळे हंडे झाल्यावर त्यांचा नंबर. कोणी नियम केलेला नाही, कोणी शिवी देत नाही. असंच चाललंय. एका पोरीला विचारलं, तू आधी आलेली ना? म्हणाली, "तुमचं होऊ दे दादा." मी कविता लिहितो, विद्रोहाच्या. ह्या पंपावर सात वर्षं मी आंघोळीचं पाणी भरतोय आणि मला हे दिसलं नव्हतं.

पुढच्या मीटिंगला मी अर्ज लिहून नेला. कमानीचा नाही. नळाच्या लाइनचा, आणि त्यात बौद्धवाडीबरोबर पाड्याचं नाव घातलं. दोन टोकांना दोन स्टँडपोस्ट. भांडण झालं. काका म्हणाले, त्यांचा आमदार आहे, त्यांचे ते मागतील, आपल्या अर्जात कशाला? मी म्हटलं, १९२३ ला भंडाऱ्यांनी असंच म्हणायचं होतं. काकांना बोले सांगितले, परुळेकर सांगितले. काका म्हणाले, "पुस्तकातलं सांगू नको." मग मी हिशेबातलं सांगितलं. खासदार निधी १९९३ साली सुरू झाला, आता वर्षाला ५ कोटी आहे, आणि त्याच्या नियमात लिहिलंय की १५ टक्के अनुसूचित जातींच्या वस्तीत आणि साडेसात टक्के जमातींच्या वस्तीत खर्च करायचे. दोन्ही नावं एका अर्जात असली तर दोन्ही खात्यांतून मागता येतं. हा पैसा त्याच्या घरचा नाही, पाटीवर नाव त्याचं असलं तरी. काम झालं की नाही हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. हे ऐकल्यावर काका जरा बसले. इतिहासानं जे झालं नाही ते टक्केवारीनं झालं. मला वाईट वाटलं, पण अर्ज पुढं सरकला.

त्या मागं बसलेल्या पोराला मी पाड्यावर सह्या घ्यायला पाठवला. सह्या कमी, अंगठे जास्त. एका म्हाताऱ्यानं विचारलं म्हणे, अंगठा कशाला? पोरानं सांगितलं, पाण्याला. म्हातारा म्हणाला, आधी भरायला मिळंल का? पोराकडे उत्तर नव्हतं. परत आला आणि मला म्हणाला, अर्ज जाईल तेव्हा जाईल, पंपावरची लाइन आजच बदलू या का?

आता आलेल्याचा नंबर आधी, असं ठरलंय. ठरलंय म्हणजे आम्ही सहा-सात पोरांनी ठरवलंय. आमच्या दोन बाया अजून चिडून आहेत, त्यातली एक माझी आई. सकाळी पाच ते सात आम्ही पाळीनं पंपावर उभे राहतो. माझी रात्रपाळी असली की मला जमत नाही, तेव्हा तो पोरगा असतो. अर्ज तीन प्रतींत दिलाय, एकीवर पोचेचा शिक्का घेतलाय, तारखेसकट. ती प्रत विहारात बाबासाहेबांच्या फोटोखाली खिळ्याला अडकवलीय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघांनी जाऊन विचारायचं. एक वस्तीतला, एक पाड्यावरचा. ह्या रविवारी माझा नंबर आहे.